दोन व्याह्यांच्या मधात

आधीच सांगून ठेवतो, मी भांडखोर माणूस नाही. मले फक्त झोप पाहिजे. सकाळच्या पॅसेंजरनं मलकापूरहून अकोल्याले जायचं, दिवसभर कचेरीत इकडचे कागद तिकडे करायचे, अन् संध्याकाळच्या गाडीनं परत मलकापूरले यायचं. अशा माणसानं झोपायचं कधी? घरी तं वेळच नाही. येतो, जेवतो, पाठ टेकली न टेकली की आमच्या पुष्पाबाईचा आवाज येतो, "उठता का, का मी जाऊन गाडी थांबवू?" म्हणजे माझी खरी झोप ती गाडीतली. खिडकीले डोकं टेकवलं की अकोल्याचा सिग्नल येईपर्यंत मी या जगात नसायचो. ती झोप दोन माणसाइनं जवळजवळ वर्षभर माझ्यापासून हिसकून घेतली, त्याची ही गोष्ट आहे. राग अजून गेला नाही माझा.

लोक विचारायचे, "वामनराव, मंग अकोल्यालेच काऊन नाही राहत?" अरे बाप्पा, मले काय हौस आहे? पण पुष्पाबाईनं एकदा अकोल्याच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजाले टाकली अन् संध्याकाळी सांगून टाकलं, तुमची नोकरी तुम्ही करा, मी चालली मलकापूरले. ती डाळ अजून शिजून राह्यली असन. तेव्हापासून मी अपडाऊन करतो. पुढे राज्य नवं झालं, नागपूरचे साहेब मुंबईले गेले, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या. आमची गाडी मात्र तीच, तिचा कोळसा तोच, अन् त्याचा कण रोज माझ्याच डोळ्यात जायचा.

गाडीत आमचा बाक ठरलेला होता. मलकापूरले मी चढायचो अन् खिडकी धरायचो. नांदुऱ्याले इंद्रभान चढायचा, तो माझ्या शेजारी बसायचा. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होता. दिवसभर मशीनच्या आवाजात राहून राहून त्याले हळू बोलणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. अन् शेगावले माणिकराव चढायचा. कापडाच्या दुकानात बायाइले लुगडी उलगडून दाखवाचं त्याचं काम. बोलणं गोड, हसणं मोठं, अन् अंगानं जबरा. तोवर बाक भरलेला असायचा. पण माणिकराव काही विचारायचा नाही. इंद्रभानच्या शेजारी बोटभर जागा दिसली की म्हणायचा, "सरक ना बे!" अन् कमरेचा असा धक्का द्यायचा की इंद्रभान माझ्यावर अन् मी खिडकीवर. इंद्रभान म्हणायचा, "अबे, माणूस आहे का रेडा?" मंग दोघं हसायचे अन् पान काढायचे. कित्येक वर्षं हेच. मले तं त्या धक्क्याची इतकी सवय झाली होती, की झोपेतच मी खांदा घट्ट करून घ्यायचो.

सोयरीक जमली तीही गाडीतच. एका सकाळी पारस गेलं अन् माणिकराव म्हणे, "आमच्या विमलसाठी स्थळ पाहून राह्यलो बे." इंद्रभान म्हणे, "अन् आमच्या उत्तमसाठी मी पोरगी पाहून राह्यलो." मंग दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसले. इतकी वर्षं शेजारी बसून त्याइच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी डोळे न उघडताच म्हणलं, "तं मंग जमवून टाका ना, मले झोपू द्या." गायगाव येईपर्यंत त्याइनं हात मिळवले, अन् मी मध्यस्थ ठरलो. एका वाक्याचा मध्यस्थ! पण पुढचं सगळं माझ्याच गळ्यात आलं.

लग्न शेगावले होतं, वैशाखात. शाळेपुढच्या ओट्यावर गाद्या-तक्के टाकून वरपक्षाची बैठक केली होती. इंद्रभान नवा कोट घालून, गुलाबी फेटा बांधून मधात बसला होता. जिनिंगमध्ये दिवसभर "ए इंद्रभान" ऐकणारा माणूस. त्या दिवशी त्याले जो तो "या वरबापसाहेब, बसा वरबापसाहेब" म्हणून राह्यला होता. हनुवटी वर, हात मांडीवर, असा बसला होता की फोटो काढून घ्या. व्याहीभेट झाली, हार झाले, सगळं रीतीनं पार पडलं.

इकडे माणिकराव पहाटेपासून उपाशी, उभा, घामानं भिजलेला. पोरीचा बाप तो, त्याले बसाले कोण सांगते? फिरता फिरता तो ओट्याजवळ आला अन् त्याले इंद्रभानच्या शेजारी बोटभर जागा दिसली. मी समोरच होतो, मी त्याचा चेहरा पाहिला. त्याच्या डोक्यात काही नव्हतं हो. त्याच्या कमरेले वाटलं शेगाव स्टेशन आलं. "सरक ना बे!" म्हणे अन् रोजचा धक्का देला.

गाडीत त्या बाजूले मी असतो. तिथं मी नव्हतो.

इंद्रभान गादीवरून घसरला, ओट्यावरून खाली गेला, अन् खाली वाजंत्रीवाल्याइनं ढोल ठेवला होता त्याच्यावर जाऊन बसला. धम्म! वाजंत्रीवाल्याइले वाटलं इशारा झाला, त्याइनं सनई-ताशे सुरू केले. मांडवात मागं बसलेल्या बायाइले वाटलं मुहूर्त लागला, त्याइनं अक्षता फेकल्या. फेटा एकीकडे, वरबाप ढोलावर, अन् अंगावर तांदूळ पडून राह्यले.

इथपर्यंतही निस्तरलं असतं. माणसाची चूक होते, कोणी हात धरून उठवलं असतं, कोणी कोट झटकला असता. पण माणिकराव हसला. पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. उपाशी पोटी माणूस एकदा हसाले लागला की त्याले थांबता येत नाही. त्याचं पाहून सारा मांडव हसला. इंद्रभान फक्त एकच वाक्य बोलला, तेही हळू, अन् तो हळू बोलला तेव्हाच मी समजलो की मामला गेला. "माणिक, माफी माग," म्हणे. माणिकराव हसता हसताच म्हणे, "अबे, रोजच तं सरकतो की तू!"

लग्न लागलं, पोरगी नांदुऱ्याले गेली. पण त्या दिवसापासून दोघाइचं बोलणं बंद. इंद्रभानची बायको आधीच वारलेली, घरात कारभार त्याच्या मोठ्या विधवा बहिणीचा, तानाबाईचा. तानाबाईले पोरबाळ काही नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाची आई तीच. तिनं चुलीपुढे बसून जाहीर केलं, "भर मांडवात माझ्या भावाले ढकलला. तो माणूस आपल्या दारात येऊन माफी मागत नाही, तोवर त्याची पोरगी माहेरचं तोंड पाहणार नाही." उत्तम बिचारा वावरात नांगर धरणारा साधा पोरगा, आत्यापुढे त्याचा आवाजच निघत नसे. अन् माणिकराव शेगावले सांगत फिरे, "हसलो म्हणून माफी? मंग गावजेवणाएवढी माफी मागावी लागन, सारा मांडव हसला होता."

तुम्ही म्हणसान, मंग एकानं दुसऱ्या डब्यात बसायचं होतं. मीही तेच म्हणलं. इंद्रभान म्हणे, "मी काऊन उठू?" माणिकराव म्हणे, "मी काऊन उठू? बाक काय त्याच्या बापाचा आहे?" म्हणून उठलो मी. इंद्रभान खिडकीशी, माणिकराव टोकाले, अन् मी दोघाइच्या मधात. माझी खिडकी गेली हो. मानेले टेकू नाही, इकडे झुकलो तं माणिकराव, तिकडे झुकलो तं इंद्रभान.

अन् बोलणं बंद म्हणजे काय, तोंडं बंद नव्हती.

"वामनराव, त्या शेगाववाल्याले सांगा, बिडीचा धूर इकडे येऊन राह्यला."

"वामनराव, त्या नांदुऱ्यावाल्याले सांगा, धूर इंजिनाचा आहे."

दोघाइले एकमेकाचं धड ऐकू येत होतं. पण मी मधात ते पुन्हा बोललो नाही, तं दोन्हीकडून कोपर बसे. मी झोपेत असलो तं उठवत. एकदा तं मी चिडून म्हणलं, "अरे, मी काय तारघर आहे का?" त्यावर इंद्रभान म्हणे, "त्याले सांगा, वामनराव चिडले." आता काय करावं अशा माणसाइचं?

नागपंचमी गेली, दिवाळी गेली, विमल माहेरी आली नाही. पहिल्या दिवाळीले पोरगी-जावई नाही म्हणजे काय होते ते पोरीच्या बापाले विचारा. माणिकराव दिवाळीनंतर गाडीत चढला तेव्हा पहिल्यांदा हसला नाही. अन् माघ महिन्यात इंद्रभाननं समोरच्या बाकाकडे तोंड करून मोठ्यानं सांगतलं, "वामनराव, कोणाले ऐकायचं असन तं ऐका. सुनेले दिवस गेले आहेत." माणिकराव माझ्या पलीकडे बसला होता. त्यानं टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली. मंग म्हणे, "वामनराव, सांगा, ऐकलं म्हणून."

तेव्हापासून माझं काम वाढलं. माणिकराव घरून डिंकाचे लाडू आणायचा अन् माझ्या मांडीवर ठेवायचा. माझ्या मांडीवरून ते इंद्रभान उचलायचा अन् म्हणायचा, "हे मी सुनेसाठी नेऊन राह्यलो, कोणाच्या उपकारासाठी नाही." मंग खिडकीबाहेर पाहत सांगायचा, काल पोरीनं भाकर नीट खाल्ली, परवा पाय सुजले होते, आज बरी आहे. माणिकराव कान देऊन ऐकायचा अन् तोंडानं म्हणायचा, "मले काय त्याचं." मी मधात बसून दोघाइच्या लाडूचा वास घ्यायचो. एक लाडू कोणी मले देला नाही.

असेच महिने गेले, पोरीले सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण पोरीले न्याले तिचा बाप नाही तं भाऊ दारात यावा लागते. विमलले भाऊ नाही. बाप दारात जायले तयार नाही, कारण दारात गेला की तानाबाई माफी मागवणार. बरं, इंद्रभाननं आपण होऊन पोचवून द्यावी म्हणलं, तं तेही अवघड. बोलावणं नसताना सून माहेरी नेऊन घातली की गाव म्हणते, टाकली हिले. इंद्रभान मले म्हणे, "वामनराव, मी काय पोरीवर तो डाग लावू?" तेही खरंच होतं. दोघाइचंही खरं होतं, अन् त्याच्यात मरण त्या पोरीचं. घरात एक बाई, तीही अशी की जिनं कधी बाळंतपण पाहिलं नाही.

एका सकाळी शेगावच्या फलाटावर माणिकरावाची बायको सत्यभामाबाई उभी दिसली. खिडकीत इंद्रभान होता म्हणून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला अन् दाराकडून मले हाक मारली. "भाऊ," म्हणे, "सोयरीक तुम्ही जमवली. मले बाकीचं काही नको. माझी पोरगी माझ्या हाताखाली मोकळी होऊ द्या." एवढं बोलली अन् शिट्टी झाली. गाडी सुटली. त्या दिवशी माझ्या दोन्हीकडचे दोघं अकोल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. झोपाले चांगली संधी होती, पण मले झोप आली नाही.

रात्री जेवता जेवता मी पुष्पाबाईले सगळं सांगतलं. ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणे, "त्याच्या दारात हा नाही जात, याच्या दारात तो नाही जात. अन् गाडीचं दार कोणाचं आहे?"

मी म्हणलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? अकोल्याले डॉक्टरीणबाई आहे ना? दाखवाले न्या पोरीले सकाळी. संध्याकाळी परत येता येता शेगाव मधातच लागते. कोणी न्याले गेलं नाही, कोणी पोचवाले आलं नाही. पोरगी गाडीत बसली अन् गाडीतून उतरली." भाकर तव्यावर टाकून ती म्हणे, "वर्षभर मधात बसून तुमच्या हे डोक्यात आलं नाही का?"

मी आणखी एक भाकर मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलणी सुरू केली. नांदुरा ते शेगाव इंद्रभान एकटा असतो, तेव्हा त्याले पटवलं. तो म्हणे, "मी सुनेले डॉक्टरीणबाईले दाखवाले नेईन. बस. मी पोचवून नाही राह्यलो." माणिकरावाले अकोल्याच्या स्टेशनबाहेर चहा पाजून पटवलं. तो म्हणे, "मी न्याले गेलो नाही. माझी पोरगी मले गाडीत भेटली. बस." तानाबाईनंही होकार देला, कारण डॉक्टरीणबाईच्या नावाले तिले काही म्हणता येईना. फक्त एक गाठ राह्यली. शेगाव आल्यावर बापानं म्हणायचं, "नेतो." अन् सासऱ्यानं म्हणायचं, "न्या." रीत आहे ती, त्याच्याशिवाय पोरगी उठणार कशी? मी दोघाइले विचारलं, आधी कोण म्हणणार? दोघंही म्हणे, "तो."

मी म्हणलं, जाऊ द्या, वेळ आली की निघेल तोंडातून. इथं माझं चुकलं.

ठरल्या दिवशी नांदुऱ्याले इंद्रभान विमलले घेऊन चढला. हातात तिचं गाठोडं होतं. डॉक्टरीणबाईले दाखवाले जाताना एवढं मोठं गाठोडं कायले लागते, हे तानाबाईनं कसं विचारलं नाही, देव जाणे. आता वाटते, विचारायचंच नव्हतं तिले. विमल खिडकीशी बसली, तिच्या शेजारी इंद्रभान, मंग मी. पोरगी पहिल्यापासूनच शांत, पण डोळ्यात तेज. मले म्हणे, "वामनकाका, तुमची झोप मोडली ना माझ्यापायी?" वर्षभरात हे विचारणारी ती पहिली.

शेगाव आलं. माणिकराव एक पाय पायरीवर ठेवून तसाच थांबला. मागचे लोक ओरडाले लागले, पण त्याचा दुसरा पाय उचलेना. लग्नानंतर पहिल्यांदा तो पोरीले पाहून राह्यला होता. आत आला, समोर उभा राह्यला, अन् एवढं सगळं मनात असताना त्याच्या तोंडून काय निघालं? "वाळली वं तू."

इंद्रभान भडकलाच. "वामनराव, सांगा त्याले! वाळली म्हणे! रोज दूध, रोज तूप, माझ्या घरी काय उपाशी ठेवतात का?"

"वामनराव, सांगा, बापाले दिसते ते बाप बोलते!"

"बाबा," विमल म्हणे, "मामाजी मले लेकीसारखं पाहतात." मंग इंद्रभानकडे वळून म्हणे, "अन् मामाजी, बाप आहे तो, त्याले वाळलेलीच दिसणार." माणिकराव बाकाच्या टोकाले बसला. मी मनात म्हणलं, हिले आधीच मधात बसवलं असतं तं माझी खिडकी तरी वाचली असती.

डॉक्टरीणबाई म्हणे सगळं ठीक आहे. संध्याकाळी आम्ही चौघं परतीच्या गाडीत बसलो. गायगाव गेलं, पारस गेलं. मी दोन्हीकडे पाहून राह्यलो, आता म्हणतील, मंग म्हणतील. इंद्रभान वरच्या फळीवरच्या गाठोड्याकडे पाहे. माणिकराव आपल्या चपलांकडे पाहे. शेगावचा सिग्नल गेला, फलाट आला, गाडी थांबली.

माणिकराव उठून उभा राह्यला. पिशवी हातात घेतली. अन् "नेतो" न म्हणता तसाच उभा.

इंद्रभान बसून राह्यला. हात मांडीवर, हनुवटी वर. "न्या" म्हणेना.

मी म्हणलं, "अरे, बोला ना कोणीतरी! गाडी काय रात्रभर इथं मुक्काम करणार आहे का?" माणिकराव मले म्हणे, "सांगा त्याले, मी उभा आहे." इंद्रभान म्हणे, "सांगा त्याले, मी बसलो आहे." डब्यातले लोक माना वर करून पाहाले लागले. खाली कचोरीवाल्याचा आवाज बंद झाला. गार्डाची शिट्टी झाली. माझं डोकं इतकं सणकलं की दोघाइचे कान धरावेसे वाटले.

तेव्हा विमल उठली. पोट सावरत, बाकाले धरून उभी राह्यली अन् माझ्याकडे पाहून म्हणे, "वामनकाका, दोघाइले सांगा. मले कोणी नेत नाही, मले कोणी पोचवत नाही. मले माझ्या आईजवळ जायचं आहे, म्हणून मी चालली." अन् चालू लागली. गर्दीनं आपोआप वाट देली. दाराशी जाऊन, दांडी धरून, एकेक पायरी उतराले लागली.

"अरे, पोरगी पडन!" इंद्रभान ओरडला. मले वाटते ते शेगावपासून जलंबपर्यंत ऐकू गेलं असन. एका उडीत त्यानं गाठोडं ओढलं अन् तिच्यामागं धावला. त्याच्यामागं माणिकराव. मी खिडकीतून वाकून पाहिलं. विमल फलाटावर उभी, एक हात सासऱ्यानं धरलेला, एक बापानं. अन् तेवढ्यात गाडी हलली. इंद्रभाननं मागं वळून पाहिलं. त्याची गाडी चालली होती, अन् तो शेगावच्या फलाटावर होता, हातात सुनेचं गाठोडं घेऊन. गाडी मघापासून उभीच होती, तिचा काही दोष नव्हता.

मले हसू आलं, अन् खरं सांगतो, रडूही आलं. मंग मी मागं वळलो. सगळा बाक रिकामा. वर्षभरानं खिडकी माझी. मी पाय पसरले, डोकं टेकवलं.

डोळे उघडले तं हमाल मले हलवून राह्यला होता. "उठो बाबूजी, भुसावळ आ गया."

या दोन माणसाइनं माझी अशी झोप उडवली अन् ती परत मिळाली तं मले मुलखाबाहेर नेऊन टाकलं. रात्र भुसावळच्या बाकावर काढली अन् पहाटे आपलीच पॅसेंजर धरली. मलकापूर आलं तं फलाटावर पुष्पाबाई उभी. चेहरा रागानं अन् जागरणानं लाल. मले खिडकीत पाहिलं अन् आधी तिनं छातीवर हात ठेवला. मी उठाले लागलो तं म्हणे, "बसा! आता उतरून काय करता? अकोल्याले जाता अन् भुसावळहून येता, धन्य आहे तुमची." खिडकीतून डबा आत देला. गाडी हलली तशी चालता चालता म्हणे, "पोरगी उतरली का?" मी म्हणलं, "उतरली." तिनं पदरानं डोळे पुसले अन् उभी राह्यली.

नांदुऱ्याले कोणी चढलं नाही. मले रात्रीपासूनची भूक. शेगावच्या आधी मी मांडीवर डबा उघडला, वरण-भाकर कालवाले घेतली, अन् फलाट आला. माणिकराव एकटाच चढला. धोतर पांढरं, परीटघडीचं. माझ्या शेजारी बसला.

"इंद्रभान?" मी विचारलं.

"येऊन राह्यला. तानाबाईसाठी कचोरी घेऊन राह्यला," म्हणे. मंग हळूच सांगाले लागला. "रात्री गाठोडं घेऊन दारापर्यंत आला, पण आत पाय टाकेना. सत्यभामेनं विमलवरून भाकरतुकडा ओवाळला, मंग तसाच त्याच्यावरूनही ओवाळला अन् म्हणे, आत यायचं नसन तं नका येऊ, जेवण बाहेर आणते. मंग काय, तो ओट्यावर जेवला. व्याही ओट्यावर जेवते तं मी आत कसा जेवू? मीही बाहेर. विमल आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, ते त्याले दारातून दिसे. तो जेवता जेवता तिकडेच पाहत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं वामनराव, मी पाहिलं." माणिकरावानं टोपी सारखी केली. "पण माझ्यासंगं अजून बोलला नाही. जेवला, झोपला, सकाळी चहा घेतला. एक शब्द नाही. पोरगी घरी आली, पण माझा दोस्त गेला. मी हसाले नको होतं बे त्या दिवशी."

मी म्हणलं, "मंग हे त्याले सांग ना, मले कायले सांगतो?"

तेवढ्यात इंद्रभान चढला. कचोरीचा पुडा हातात, कालचा सदरा अंगावर. आमच्या बाकापुढे येऊन उभा राह्यला. माणिकरावाच्या शेजारी बोटभर जागा होती. सगळा डबा पाहून राह्यला. आजवर इंद्रभान नेहमी आधी चढत होता. शेगावले मागाहून चढाची त्याची ही पहिलीच वेळ.

माणिकराव वर पाहून म्हणाले लागला, "इंद्रभान, त्या दिवशी..."

"सरक ना बे!"

असा धक्का बसला, असा धक्का बसला की वर्षभराचं सगळं त्याच्यात होतं. माणिकराव माझ्यावर, मी खिडकीवर, अन् माझा डबा माणिकरावाच्या परीटघडीच्या धोतरावर. वरण मांडीवरून खाली वाहाले लागलं. इंद्रभान बोटभर जागेत बसला, त्यानं वरणाकडे पाहिलं, माणिकरावाच्या तोंडाकडे पाहिलं, अन् हसाले लागला. पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. मांडवात माणिकराव हसला होता तेवढाच हसला. सारा डबा हसला.

माणिकराव धोतर झटकत म्हणे, "झालं बे समाधान?"

"झालं," इंद्रभान म्हणे. "आता बाळ-बाळंतिणीले पोचवाले तू नांदुऱ्याले ये. ढोल मी आणून ठेवतो."

मंग दोघंही हसले अन् पान काढलं. माझ्या डब्याचं कोणी नाव काढलं नाही. पोट रिकामं होतं, मान भुसावळच्या बाकानं धरली होती, कोपऱ्यात मी पिळून निघालो होतो. पण खिडकी माझी होती. मी डोकं टेकवलं. इंद्रभान जिनिंगच्या आवाजात काहीतरी सांगून राह्यला होता, माणिकराव मान डोलवत हाव हाव म्हणून राह्यला होता, अन् पारस यायच्या आधीच मले झोप लागली.